तेरावं अंडं

माझ्या थोरल्या बहिणीनं उभ्या आयुष्यात माझ्याकडे एकदाच काही मागितलं, आणि मागितलं ते काय, तर कोंबड्या. त्यातही एक अट होती. सगळ्या माद्याच हव्यात, त्यांत चुकूनही नर येता कामा नये.

तिला मी बाय म्हणतो. ती भिवंडीजवळच्या पूर्ण्याला दिलेली. लग्न होऊन गेली तेव्हा सासरच्या परसात उभं राहिलं की लांबपर्यंत भातशेती दिसायची. आता घराच्या तिन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आहेत आणि चौथ्या बाजूला कंटेनर उभे राहतात. भाच्यानं जुनं घर पाडून दोन मजल्यांचं स्लॅबचं घर बांधलं आणि खालच्या खोल्या गोदामात काम करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या. ही पोरं यूपी-बिहारकडची. रात्रपाळी करून सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत झोपतात. भाचाही गोदामात सुपरवायझर, त्याचीही ड्युटी रात्रीचीच. म्हणजे ते सगळं घर दिवसा झोपतं आणि बाय एकटी जागी असते. दाजी गेल्यापासून तर दिवसभरात तिच्याशी दोन शब्द बोलायलाही कोणी नसतं. सून चांगली आहे, पण ती भिवंडीत एका दवाखान्यात नोकरीला जाते.

घरामागं जमिनीची एक पट्टी तेवढी उरली होती. तिथं बायला कोंबड्या पाळायच्या होत्या. भाच्यानं नाही म्हटलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आये, पाल कोंबऱ्या. पन एक जरी कोंबरा आरवला, तर सगल्या काढायच्या. हितं मान्सं दिवसाची झोपतात." बायनं ते कबूल केलं आणि दुसऱ्याच दिवशी शेअर रिक्षानं अंजूरला माझ्याकडे आली.

आली ती योग्य माणसाकडे आली, असं मला वाटलं. कोंबड्यांतलं मला फार कळतं असा माझा तेव्हा समज होता, आणि तो मी सगळ्यांच्या गळी उतरवला होता. भिवंडीत धामणकर नाक्याला माझं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. लूम बंद पडत गेले, तसं गिऱ्हाईकही गेलं. शेवटी दुकान एका मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्यानं देऊन मी घरी बसलो. घरी बसलेल्या माणसाला मत द्यायला विषय लागतो. मला कोंबड्या सापडल्या. मोबाइलवर बघून बघून मी पिसांच्या रंगाचं गणित शिकलो, चार कबऱ्या कोंबड्या आणल्या, एक तांबडा कोंबडा आणला आणि बघता बघता पंडित झालो.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर माझे जुने मित्र रोज सकाळी भेटतात. त्यांत एक जुने लूममालक आहेत, इथल्याच कोकणी मुसलमान घरातले. ते सगळ्यांना सांगायचे, "भाई, ये आदमी मुर्गी का जनमपत्री निकालता है." टपरीला लागूनच अंड्यांचं दुकान आहे. तो अंडीवालाही कान देऊन ऐकायचा आणि हसायचा. मला वाटायचं, शिकतोय बिचारा.

गावात पिल्लू नर की मादी हे ओळखायच्या शंभर रीती आहेत. टोकदार अंड्यातून नर निघतो आणि गोल अंड्यातून मादी, असं म्हणतात. पिल्लाला मानेशी धरून उचललं आणि त्यानं पाय पोटाशी घेतले तर तो नर, लोंबते सोडले तर मादी, असंही म्हणतात. कोणी अंड्यावर दोऱ्यानं सुई टांगून बघतं. मी ह्या सगळ्यांना नाकं मुरडायचो. मोठ्या हॅचरीत पिल्लाचं बूड दाबून बघणारी माणसं असतात, पण ते शिकताना पिल्लं हातात मरतात. मला रंगावरून सांगायचं होतं. माझ्या मते तीच एक शास्त्रीय रीत होती, आणि रीत खरोखरच चोख आहे. चोख नव्हतो तो मी.

बायला मी ओटीवर बसवून सगळं समजावलं. कबरी म्हणजे काळ्या अंगावर आडवे पांढरे पट्टे असलेली कोंबडी. हा पट्टा ती फक्त मुलाला देते, मुलीला देत नाही. मुलीला पट्टा मिळायचा तर तो बापाकडूनच मिळू शकतो. आपला बाप तांबडा, त्याच्याकडे पट्टा नाहीच. म्हणून कबरी कोंबडी आणि तांबडा कोंबडा यांची पिल्लं सगळी काळी निघतात, पण नराच्या डोक्यावर आईच्या पट्ट्याची खूण म्हणून पांढरा ठिपका असतो आणि मादीचं डोकं स्वच्छ काळं. अंड्यातून निघालेलं पिल्लू सुकलं, की डोकं बघायचं आणि सांगायचं. मात्र जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा कबरा आणि कोंबडी तांबडी, तर सगळ्याच पिल्लांना ठिपका येतो आणि काहीच कळत नाही.

बायनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आयचं सगलं पोराला, नि पोरीला काय न्हाय. कोंबऱ्यांत पन तसंच हाय का रे?"

ती हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा. अंजूरच्या आमच्या शेतावर गोदाम उभं राहिलं तेव्हा ती हक्कसोडाच्या कागदावर सही करायला आली होती. सही करून, चहा पिऊन, काही न विचारता ती परत गेली होती. तिच्या हसण्यात मात्र टोमणा नव्हता. तिला ती गंमतच वाटली होती.

मग तिनं अंगणात चरणाऱ्या कबऱ्यांकडे बोट दाखवलं. "येवढं कशाला करतंस, बाला? ह्यातल्याच दोन दे ना मना. अंड्यावरच्या हायेत त्या. त्यांना काय वलखायचं?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाला म्हणणारं आता जगात तेवढंच एक माणूस आहे. तिला मी म्हणालो, "जुन्या कशाला नेतंस? तुला नवीन, कवल्या तलंगा देतो. डोले झाकून ने. एक पन कोंबरा निंगायचा न्हाय."

अंडी देणाऱ्या, धडधाकट, माद्या आहेत याबद्दल कोणालाही शंका नसलेल्या कोंबड्या समोर चरत होत्या. तिला ओळखता येणारी कोंबडी हवी होती आणि मला ओळखून दाखवायचं होतं. मी तिला महिनोन् महिने थांबायला लावलं. ती थांबली.

आमच्याकडची एक जुनी कोंबडी त्याच सुमारास खुडूक बसली होती. म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवायला बसायचा हट्ट धरून होती. बायकोनं टोपलीत पेंढा घातला आणि रिवाजाप्रमाणे त्यात एक लोखंडी खिळा आणि सुकी लाल मिरची ठेवली. आमच्याकडे असं ठेवतात, नाहीतर वीज कडाडली की अंडी नासतात म्हणे. मी खिळा काढून फेकला, मिरची फेकली आणि बायकोला दहा मिनिटं सुनावलं. कुठल्या जगात राहतेस, अंड्याला वीज ऐकू येते का, वगैरे. मग मी कबऱ्यांची निवडून ठेवलेली बारा अंडी एकेक करून मांडली.

बारा झाली आणि माझा हात थांबला.

सम अंडी बसवायची नाहीत, हा आमच्याकडचा दुसरा रिवाज. माझी आई नेहमी नऊ, अकरा, तेरा अशीच बसवायची. सम ठेवली तर फळत नाहीत. मी लहानपणापासून तेच बघितलेलं. खिळ्याला हसणं सोपं होतं, कारण खिळा बायकोनं ठेवला होता. हे मात्र माझ्याच हातात होतं. बारावर थांबायला माझं मन तयार होईना. कबऱ्यांचं आणखी अंडं नव्हतं. आमची एक साधी काळी गावठी कोंबडी लाकडांच्या ढिगामागं अंडी द्यायची. मी उठलो, तिथलं एक कोमट अंडं आणलं आणि तेरावं म्हणून ठेवलं. बायको बघत होती. ना तिनं विचारलं, ना मी सांगितलं. मला वाटतं, त्या क्षणी आम्हा दोघांनाही बरं वाटलं होतं.

पिल्लं निघाली त्या दिवशी मी बायला बोलावून घेतलं. शेजारच्या बायका आल्या, नाक्यावरचे दोन मित्र आले. मी ओटीवर दोन खोकी ठेवून बसलो. एकेक पिल्लू उचलायचं, डोकं सगळ्यांना दाखवायचं, ठिपका असला तर डाव्या खोक्यात, नसला तर उजव्या. सगळी पिल्लं काळी, हातात मावणारी, ओरडणारी. बायका तोंडावर पदर धरून बघत होत्या. सहा पिल्लांची डोकी स्वच्छ काळी निघाली. ती सहा मी बायच्या टोपलीत घातली आणि सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून म्हणालो, "ह्यातली एक जरी आरवली, तर मी मिशी उतरवीन."

बायनं टोपलीवर पदर टाकला. जाताना दारातून वळून शेजारणींना म्हणाली, "माज्या भावाला कलतंय यातलं."

त्यानंतर फोनवर माझं एकच चालायचं. पिल्लं केवढी झाली, दाणा काय देतेस, तुरा आला का. बाय म्हणायची, सगल्यांना बारका बारका आलाय. एकदा म्हणाली, एक जरा थोराड हाय. मी म्हणालो, त्या जातीत असते एखादी थोराड. ती म्हणाली, बरं. पुढं मी विचारायला लागलो, अंडी सुरू झाली का? अजून नाही कशी? ती दोनतीनदा काहीबाही बोलली, आणि मग एक दिवस अंडीच आली. ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर, कापडी पिशवीत, कागदात गुंडाळून, छान गव्हाळ रंगाची. त्यानंतर दर आठवड्याला येऊ लागली.

पूर्णा अंजूरहून काही लांब नाही. उठून गेलो असतो तर तासाभरात परत आलो असतो. पण भावाला बहिणीकडे जायला निमित्त लागतं. येत राहायचं ते बहिणीनं. मी गेलो नाही. मी अंडी खाल्ली, आणि नुसती खाल्ली नाहीत, नाक्यावर नेऊन वाटली. टपरीच्या बाकावर बसून एकेकाच्या हातात ठेवायचो. "बघा रंग. बहिणीकडच्या कोंबड्यांची. पिल्लू होतं तेव्हाच सांगितलं होतं, मादी म्हणून." शेजारचा अंडीवाला मान डोलवायचा. "बढिया है चाचा, एकदम असली गावठी."

एका दुपारी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसवर पातेल्यात बायची अंडी उकडत होती. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं आणि अंडी पांढरीफेक. तिनं एक अंडं ओट्यावर ठेवून ओल्या फडक्यानं पुसलं. राहिलेला रंगही फडक्याला आला. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात घालून गावठी म्हणून विकतात, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि राग कोणावर गेला? आधी रिक्षावाल्यावर, की हा वाटेत अंडी बदलतो. मग बायच्या सुनेवर, म्हणजे भाच्याच्या बायकोवर. हीच ती. खरी अंडी दवाखान्यातल्या मैत्रिणींना देत असणार आणि सासूच्या हातून मामाला ही रंगवलेली पाठवत असणार. बायको म्हणत होती, आधी फोन करा. मी चपला घातल्या आणि निघालो. त्या मुलीबद्दल रिक्षात बसून मी मनात जे जे बोललो, ते आठवलं की आजही तिच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही.

भर दुपारी पूर्ण्याला पोचलो. बाय घरात नव्हती. सुनेला सुट्टी होती. तिनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "मामा, हळू बोला. सगळे झोपलेत." खालच्या खोल्यांची दारं बंद होती आणि दारांबाहेर चपलांची रांग. मी तिला बाजूला सारून तडक घरामागं गेलो.

खुराडं होतं. धुऊन पुसून स्वच्छ केलेलं. आत सुके नारळ रचून ठेवले होते.

"कोंबड्या कुठायत?" मी दबक्या आवाजात ओरडलो. दबक्या आवाजात भांडण्याइतकं हास्यास्पद काही नाही. त्या पोरीनं मोबाइल काढला, आवाज अगदी बारीक केला आणि मला एक व्हिडिओ लावून दिला.

व्हिडिओ त्याच परसातला होता. मधोमध एक पक्षी उभा होता. अंग काळंभोर, शेपटी कमानदार, तुरा रक्तासारखा लाल, मानेवर आणि खांद्यावर तांबूस सोनेरी पिसं. त्यानं मान ताणली आणि असा खणखणीत आरवला की बारीक केलेल्या आवाजातही ते ऐकून मी दचकलो. बाजूला भाडेकरूंतला एक पोरगा बनियनवर, झोपेतून उठून आलेला, हात जोडून म्हणत होता, "अम्मा, ये मुर्गा है." आणि त्याच्यासमोर माझी बहीण, पदर कमरेला खोचून, ठासून सांगत होती, "मुर्गा न्हाय. मुर्गी हाय. मेरे भाव ने देख के दिया." पक्षी पुन्हा आरवला. सून व्हिडिओ घेता घेता हसत होती, तेही ऐकू येत होतं. बाय हसत नव्हती. "मुर्गीच हाय," ती म्हणाली.

मी तो पक्षी पुन्हा पुन्हा बघितला. त्याच्या अंगावर एकही पट्टा नव्हता. कबरीचा मुलगा असता तर त्याच्यावर पट्टे असते, आणि पिल्लू असताना डोक्यावर ठिपका असता. ह्याला दोन्ही नाही, म्हणजे ह्याची आई कबरी नव्हतीच. काळ्या कोंबडीचं आणि तांबड्या कोंबड्याचं पिल्लू काळंच निघतं, नर असो की मादी, आणि ठिपका कोणालाच नसतो. मला ते कोमट अंडं हातात जाणवलं. बाराला तेरा करणारा हात माझाच होता. बायकोची मिरची फेकून देणारा हातही तोच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकीचं सुनेनं कुजबुजत सांगितलं. तो आरवायला लागल्यावर आईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, काय काय केलं ते सांगताना तिला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. बाय त्याला दिवसभर डालग्याखाली झाकून ठेवायची. डालगं म्हणजे कोंबड्या कोंडायची बांबूची टोपली. वर गोणपाट टाकायची, अंधार वाटला की गप्प राहील म्हणून. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं थोडंच राहतं? तो आतून आरवायचा. भाचा चिडला नव्हता. तो म्हणाला होता, "आये, ह्यो येक कोंबरा दे कुनाला तरी. बाकीच्या पाच राहू देत. त्या तर गप हायेत."

"मग?" मी विचारलं.

"आई म्हणाल्या, कोंबरा कुठाय? सगल्या कोंबऱ्याच हायेत, माज्या भावानं बघून दिल्यात. एक काढायची तर सगल्या काढा." सून थांबली. "आणि सगळ्या काढल्या. खारबावच्या त्यांच्या नणंदेकडे पाठवल्या. अंडी पण सुरू झाली नव्हती अजून. मग तुमचे फोन यायला लागले, अंडी आली का, अंडी आली का..."

हे बोलताना तिची नजर क्षणभर माझ्या मिशीवर गेली आणि लगेच खाली वळली. तिनं मुद्दाम बघितलं नसेल.

तेवढ्यात मागच्या फाटकातून बाय आली. हातात कापडी पिशवी. मला बघून ती जागच्या जागी उभी राहिली आणि पिशवी पदराआड घेतली. पिशवीतून अंड्यांचा कागदी ट्रे वर डोकावत होता. ट्रेवर धामणकर नाक्याच्या अंडीवाल्याच्या दुकानाचा शिक्का होता. म्हणजे ती त्याच्याकडूनच आणत होती. त्यानं विकलेली अंडी बाय मला पाठवत होती आणि मी ती त्याच्याच शेजारी बसून लोकांना दाखवत होतो. बढिया है चाचा.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. बहिणीला बाजूला घेऊन, हळू आवाजात, जे काय असेल ते बोलायला हवं होतं. पण माझा स्वभाव. आपली चूक कळली की तीसुद्धा मला मोठ्यानंच सांगायला लागते. "बाय, तो कोंबराच व्हता!" मी ओरडलो. "माजी चूक. काल्या कोंबरीचं अंडं मीच घातलं व्हतं. तू कशाला खोटं बोललीस? तो कोंबराच व्हता!"

एक दार उघडलं, मग दुसरं. भाडेकरू पोरं डोळे चोळत बाहेर आली. "क्या हुआ अम्मा?" वरून भाचा जिना उतरून आला आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "मामा," तो म्हणाला, "आमाला म्हाईत व्हतं ओ सगल्यांना. जाऊ दे ना आता." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मला समजावत होता. त्या पोराची रात्रपाळीनंतरची झोप मी मोडली होती आणि तोच मला समजावत होता.

बायनं पिशवी सावरली आणि माझ्या पुढं होऊन फाटकाबाहेर चालू लागली. मी मागं मागं गेलो. कंटेनर उभे असतात तिथं, रिक्षा मिळते त्या कोपऱ्यावर, ती थांबली. तिचे डोळे कोरडे होते, पण असा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता.

"येवढं दीस झाकून ठेवलं मी," ती म्हणाली. "नि तू येऊन सगल्यांना उठवलंस."

"त्यांना म्हाईतच व्हतं, बाय."

"म्हाईत असनं येगलं नि कोनी तोंडावर बोलनं येगलं. मना कोंबऱ्या नसल्या तरी चालतंय, बाला. पन माज्या म्हायेरचा मानूस चुकला, असं ह्या घरात येवढ्या वर्सांत कोनी बोललं न्हवतं."

माझी मान वर होईना. रस्त्यावरच्या ऑइलच्या डागांकडे बघत मी म्हणालो, "उद्या माज्या दोन कबऱ्या आनून देतो. अंड्यावरच्या. तू मागितल्यास त्याच."

"तवा मागितल्या व्हत्या," बाय म्हणाली.

रिक्षा आली. मी आत बसलो. तिनं वाकून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. फाटकाशी सून आणि दोन भाडेकरू उभे होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "सांभालून ने. तुज्याच कोंबऱ्यांची हायेत." मी पिशवी दोन्ही हातांनी धरली. अंजूर येईपर्यंत माझ्या घामेजलेल्या तळव्यांना तपकिरी रंग लागला होता.

बायको दारातच होती. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"बायकडची?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आपल्याच कोंबड्यांची."

ती पिशवी आत घेऊन गेली. पातेल्यात पाणी घेतलं, अंडी हळूच सोडली, आणि पाण्याचा रंग बदलायच्या आत वर झाकण ठेवलं.